दोन बोटं आत

—तिथं नका बसू बाबू, ते ब्लाऊज लग्नाचे आहेत, चुरगळतीन. इकडे या, स्टुलावर. हाव, मीच शालिकराम टेलर, अन् केसरबाई माही बायको. होती. म्हंजे तुम्ही नागपूरच्या दवाखान्यातून पांढुर्ण्यापर्यंत फाइल घेऊन आले, अन् तुम्हाले एवढंही मालूम नाई का ती गेली? दीड वर्स झालं! पोस्टकार्ड आलं होतं तुमचं, 'तपासणीस यावे' — आलं तेव्हा तेरवी होऊन गेली होती. आता कोनाले तपासता? बसा, बसा, आलेच आहा तर. लाइन गेली आहे, पंख्याकडे पाहून तो काही फिरत नाई. लिहा काय लिहाचं ते.

कारन? कारन तुमची मशीन. लिहा असंच. बोराएवढी गाठ होती तेव्हा आलतो तुमच्याइथं, उशीर नाई केला. तुमचा तो मोठा डाक्टर म्हने, आतापर्यंत आम्ही पूर्न छातीच काढत होतो, आता नवीन निघालं — नुसती गाठ काढाची अन् बाकीच्याले मशीनचा शेक द्याचा. दोन्हीत कोनतं बेस ते पाहून राहिलो, म्हने. पाहून राहिलो! म्या म्हनलं, मंग आमच्या बाईले कोनतं? तर म्हने ते मी नाई ठरवत, पाकीट ठरवते. बंद पाकीट, आत चिठ्ठी. आता मी तिसरी पास मानूस, पन गिऱ्हाइकाच्या कापडावर चिठ्ठी टाकून कात्री नाई चालवत बाप्पा! उठूनच चाललो होतो. पन केसरनं बसवलं खाली. अंगठा पहिले तिनं लावला. म्हने, निघाला शेक तर माह्यं अंग तरी राहीन. अन् निघाला. चिठ्ठी वाचली तर ती अशी हसली का डाक्टरही लाजला.

पंचवीस शेक. सोमवार ते शुक्रवार, आम्ही दोघं धर्मशाळेत, शनिवारच्या पॅसेंजरनं घरी. पहिल्या दिवशी तुमच्या मशीनवाल्या पोरानं तिच्या छातीवर जांभळ्या शाईच्या रेघा मारल्या, पार काखेपर्यंत. पानी लावू नका, पुसल्या तर आम्हाले सांगा, घरी हात लावू नका. मले काय सांगते तो? खडूची निशानी म्हंजे काय ते मले समजते, चाळीस वर्सं झाली या मशीनवर — या माह्या मशीनवर, पायाच्या. चौदा शेक झाले न काखेखालची चामडी काळी पडली, मंग फुटली. हात खाली नाई येत होता तिचा. तिचे सगळे ब्लाऊज म्या काखेतून उसवले, काख सैल राहावी म्हनून जुन्या मलमलीच्या कळ्या लावल्या. पांढुर्णा म्हनते शालिकराम तोंडाचा कडू आहे — आहोच, पन कळ्या कोनी लावल्या? — हे काहून लिहून राहिले? हे नका लिहू.

अन् तीन वर्सांनी गाठ परत. मंग पूर्न छाती काढली, तरी ती नाई राहिली. म्हनून मी आता विचारन त्याले सांगतो, मशीनच्या नादी लागू नका, सरळ काढून टाका. कोन विचारते? विचारतात! आज सकाळीच सौंसरचा सुधाकर आलता, शाळेतला चपराशी. त्याच्या बायकोचं, शोभाचं, पाकीट फुटलं, त्यातही शेकच. एकतीस वर्सांची पोरगी. तो म्हने काका, तुम्ही पाहिलं आहे, काय करू? म्या सांगतलं, उद्या पहाटेच नागपूरले जा, म्हन पूर्न काढा, आम्हाले तुमचा खेळ नको — काय झालं? शोभाच, हाव. तुमच्या फाइलीत आहे का ती? मंग असू द्या. मान काहून हालवता?

काय म्हनता? शेकवाल्या बाया आतापर्यंत तेवढ्याच जगून राहिल्या, जेवढ्या पूर्न काढलेल्या? मंग केसर काहून नाई जगली? सांगा ना, फाइल तुमच्यापाशी आहे. अन् ते चित्र झाका. गाठ कुठं परतली ते मले बोट ठेवून काय दाखवता — काखेखाली, कडेले. मले मालूम आहे. तुमच्या डाक्टरपेक्षा मले जास्त मालूम आहे.

...

चौदा शेकांनंतरचा रविवार होता. घरी होतो. पसिन्यानं रेघा गेल्या, अर्ध्याच्या वर. सांगतलं असतं तर पुन्हा नाप, पुन्हा तीन दिवस लाइनीत. अन् ती रडून राहिली होती हो — पाच बाळंतपनं झाली, आवाज नाई काढला जिनं, ती — त्या कडेले आता नको म्हने, तेवढी कड सोडाले सांगा ना कोनाले. मी कोनाले सांगू? डाक्टरले? बिलाच्या शिक्क्याची जांभळी शाई दुकानातच होती. म्या मारली रेघ. इतकी सफाईदार का सोमवारी तुमच्या पोरालेही नाई कळली. फक्त काखेकडून दोन बोटं आत. कापडात दोन बोटं म्हंजे काय? काहीच नाई. उसवलं, सरकवलं, झालं. उरलेले अकरा शेक माह्या रेघेवर झाले.

परतली तेव्हा डाक्टरनं विचारलं, घरी कोनी रेघ मारली होती का? मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. केसर म्हने, "नाई जी." बस. मंग मरेपर्यंत त्या गोष्टीचा शब्द नाई काढला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. भांडी आदळली असती.

त्या रेघेनंच झालं असं सांगता येत नाई म्हनता? मले समजावू नका. तिथं 'मशीन' लिहिलं ते खोडा. लिहा, नवऱ्यानं रेघ सरकवली. शालिकराम, पूर्न नाव घाला. पेन काहून थांबला? शाई संपली का?

अन् घरी नका जाऊ आता. सौंसरची बस चारले आहे, सुधाकर उद्या पहाटेच निघते. शाळेच्या मागं, निळं दार. तो नाई ऐकला तर शोभाले समोर बसवा अन् सांगा, शालिकराम टेलर खोटं बोलला. हेच शब्द, गोड करू नका. — मी? मी नाई येत. ती विचारन, काका काहून नाई आले, तर सांगा दुकान आहे. सांगा काहीही. मले नका पाहू असं, मी काही रडून नाई राहिलो. उठा ना बाप्पा! पावनेचार झाले. जा.