जाडी अक्षरं

पाटी परत जुनीच का लावली विचारताय ना, राव? ते ठमामावशींचे उपकार. घोडेगावात आमच्या कापडदुकानावर पहिल्यापासून गोल पोटाची, टोकांना शेपट्या असलेली जाडजूड अक्षरं. मुलाने ती काढून बारीक, सरळ अक्षरांची नवी पाटी लावली.

लग्नसराईत एकदा मी जेवून परत येतो, तर डोंगराकडच्या ठमामावशी घरची माणसं घेऊन आमच्याच पायरीवर बसलेल्या. नातीचा बस्ता बांधायचा होता. आमची नवी सून आत बोलवत होती, पण मावशी हलेनात.

"न्हाई बाय, आमचं दुकान ठरल्यालं हाये. दुसरीकडं आमी बस्ता बांधत न्हाई."

मी म्हणालो, "मावशी, हेच आपलं दुकान."

त्यांनी वर पाहिलं. "मंग ती जाडी अक्षरं कुठं गेली, शेट? मला काय वाचता येतंय?"

मुलगा न सांगता माळ्यावर चढला आणि जुनी पाटी घेऊन खाली आला.

बस्ता झाल्यावर मावशी म्हणाल्या, "पिशवीवर बी तीच अक्षरं छापा."

"नातीला वाचता येतं की, मावशी."

"येतं. पर लई लांब दिलीया तिला. पिशवी बघितली की म्हायेर आठवंल."