पित्ताची पिशवी नॉर्मल

माझा जन्म बडोद्याचाच. आजोबा दरबारच्या दफ्तरात कारकून होते, वडील शाळामास्तर, आणि मी पस्तीस वर्षं ग्रंथालयात कार्डं लिहिली. कार्डं म्हणजे पुस्तकाचं नाव, लेखक, पानं, आकार, सगळं एका जाड कागदावर लिहायचं आणि लाकडी खणात क्रमाने लावायचं, पुस्तक शोधणारा आधी ते खण उघडतो. आमच्या साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की बाई, पुस्तक हातात घेतल्याशिवाय कार्ड लिहायचं नाही, आणि जुन्या कार्डावरून नवं कार्ड तर कधीच नाही, कारण एकाची चूक दुसरा उतरवतो आणि मग ती खरी होऊन बसते. मी ते आयुष्यभर पाळलं.

हे नंदेसरीला कारखान्यात होते, रोज डबा घेऊन सकाळची बस. निवृत्त झाले आणि पोटात दुखतं म्हणायला लागले, आम्ही ॲसिडिटीची गोळी देत राहिलो, सहा महिने दिली. तेही म्हणायचे, काही नाही गं मला. मग लिव्हरचा कॅन्सर निघाला, तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. नितीन, आमचा एकुलता मुलगा, स्मशानातून आला, आंघोळ करून माझ्याजवळ बसला आणि म्हणाला, आई, आपण उशीर केला. आपण म्हणाला, पण दोष देत होता स्वतःलाच. हे नीट लिहून घ्या तुम्ही, पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे.

यांचं वर्षश्राद्ध दोन महिन्यांवर होतं आणि माझ्या उजव्या कुशीत दुखायला लागलं. मी बोललेच नसते, पण हेतलने, माझ्या सुनेने, गुजरातीच आहे ती, मला ओट्याला धरून वाकलेली पाहिलं. मम्मी, शुं थाय छे? झालं, नितीन त्याच दिवशी मला निजामपुऱ्यात स्कॅन काढायला घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी त्याने रिपोर्ट सेंटरच्या पायरीवरच वाचला आणि तिथेच बसला. लिव्हरच्या खालच्या कडेला तीन सेंटिमीटरची गाठ, कॅन्सरची शक्यता. मी रडले नाही. खोटं कशाला सांगू, यांच्याकडे जायचं आता असं वाटून थोडं बरंच वाटलं.

मग एका दुपारी घरात कोणी नव्हतं, तर चष्मा लावून, शब्दकोश घेऊन मी तो रिपोर्ट ओळ न् ओळ वाचायला बसले. सवयच तशी. पाचवी ओळ अशी की पित्ताची पिशवी नॉर्मल, खडे नाहीत. मी परत वाचली. काय सांगू तुम्हाला, माझी पित्ताची पिशवी एकोणीस वर्षांपूर्वी काढलेली आहे! बरगडीखाली हा एवढा तिरका व्रण आहे. तेव्हाच्या सर्जननी, ते आता हयात नाहीत, आतले खडे बाटलीत घालून यांच्या हातात दिले होते, अकरा खडे, आणि हे येणाऱ्या-जाणाऱ्याला बाटली हलवून दाखवायचे, ही आमच्या हिची कमाई म्हणायचे. मी कितीदा टाकायला काढली, यांनी टाकू दिली नाही.

नितीनला सांगितलं तर म्हणाला, आई, टाइप करणाऱ्याची चूक असेल ती. म्हटलं, मग गाठसुद्धा टाइप करणाऱ्याची नसेल कशावरून? तो एवढंच म्हणाला की बाबापण असंच म्हणायचे, काही नाही मला.

मी एकटी रिक्षाने सेंटरवर गेले आणि बाटली काउंटरवर ठेवली. तिथली मुलगी म्हणते, बा, आ शुं छे? म्हटलं, माझ्या पित्ताचे खडे. तिने खुर्ची मागे सरकवली. मग म्हणाली, सही झालेला रिपोर्ट बदलत नाही, तुमच्या सर्जनचं पत्र आणा. गाठीसाठी नितीनने ठरवलेले नवे सर्जन म्हणाले, मी रिपोर्टवर चालतो, सेंटरने आधी दुरुस्त करून द्यावा. पुन्हा सेंटर, पुन्हा सर्जन. फोटो वाचणारे डॉक्टर कुठे बसतात विचारलं, तर दुसऱ्या शहरात, कॉम्प्युटरवर बघतात. म्हटलं, मग त्यांना माझे टाके कसे दिसणार? मुलगी म्हणाली, बा, टांका नथी जोता, अंदरनुं जुए छे, म्हणजे टाके नाही, आतलं बघतात. शेवटी तिने एक फॉर्म दिला, तक्रार लिहा म्हणाली. मी स्वच्छ अक्षरात लिहून दिली.

सर्जननी नितीनला हळू आवाजात सांगितलं, पति गए हैं ना अभी, मन नहीं मानता, ऐसा होता है. मी तिथेच खुर्चीत बसले होते. त्या दिवशी मला कळलं की हे गेले त्याबरोबर माझ्या बोलण्याचं वजनही गेलं. काही म्हणा, दुःखामुळे बोलते.

दुसरीकडे परत फोटो काढला. त्या डॉक्टरांनी आधी जुना रिपोर्ट मागितला. मी डोळ्यांनी खुणावलं, देऊ नको, नितीनने दिला. नवा रिपोर्ट आला: गाठ पूर्वीसारखीच, आणि पित्ताची पिशवी आकसलेली. म्हणजे नसलेली पिशवी आता आकसली होती. जुन्या कार्डावरून नवं कार्ड.

वर्षश्राद्धानंतरचा सोमवार ऑपरेशनला ठरला. नितीन संमतीचा फॉर्म घेऊन आला, मी नाही म्हटलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो खाली बसला, माझ्या मांडीवर डोकं ठेवलं आणि म्हणाला, मला परत तेच करायला लावू नकोस. पेन माझ्या हातात होतं. मी सही केली असती, खरंच सांगते. पण हेतल स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, एक वार मम्मीनुं सांभळो तो खरा, एकदा मम्मीचं ऐका तर खरं. दुसऱ्या कोणाला फोटो दाखवू या, रिपोर्ट न देता.

सरकारी दवाखान्यात एक वयस्कर डॉक्टर होते. हेतलने त्यांना नुसती सीडी दिली. त्यांनी कॉम्प्युटरवर लावली, चष्मा वर केला आणि पहिलंच वाक्य बोलले, बेन, पित्ताची पिशवी कधी काढली? हे गेल्यापासून मी रडले नव्हते, तिथे रडले. ते म्हणाले, पिशवी काढली त्या जागेत आतडं सरकून बसलंय, पोट जागा रिकामी ठेवत नाही, त्यालाच गाठ म्हटलंय. तिथे चिकटलंय थोडं, म्हणून दुखतं. फोटोत आतड्याचा मार्ग दाखवणारं औषध मला पाजून त्यांनी परत फोटो काढला, तर गाठीत औषध भरलेलं दिसलं. आतडंच होतं. तसं त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं आणि सोमवार टळला.

ती चिठ्ठी घेऊन मी सेंटरवर चार खेपा घातल्या. शेवटी दुरुस्त रिपोर्ट आला. पित्ताची पिशवी शस्त्रक्रियेने काढलेली, असं लिहिलं होतं. खाली गाठ तशीच. मी त्या मुलीला विचारलं तर तिने माझाच फॉर्म पुढे केला, बा, तमे आ ज लीटी लखी हती ने? हीच एक ओळ तुम्ही लिहिली होती ना? खरंच होतं. मला जेवढं हातात धरून दाखवता येत होतं तेवढंच मी तक्रारीत लिहिलं होतं.

आता तिसरं वर्ष चाललंय. नितीन म्हणतो, मला पटलंय गं आई, पण गाठीचा रिपोर्ट कपाटात जपून ठेवलाय, आणि दर सहा महिन्यांनी मला नव्या ठिकाणी नेतो. तिथे जुना रिपोर्ट मागतात, मी नको म्हणते, तो देतो. बादली उचलायची नाही, एकटीने बाहेर जायचं नाही. ताटात अर्धी पोळी राहिली की त्याचा घास थांबतो. माझ्या घरात मी तीन वर्षं आजारी आहे, आजार नसताना. रागावू कोणावर? बापाला वाचवता आलं नाही म्हणून मला वाचवत बसलाय. देव त्याला सुखात ठेवो, आणि हेतलला त्याच्याहून जास्त.

बाटली ती तिथे आहे, देवाखालच्या कप्प्यात. बघा हलवून. आणि तुमचं लिहून झालं की मला वाचून दाखवा, मी समोर बसलेली असताना. चुकलं असेल ते तेव्हाच खोडा.