डोंग्यावरचा काळा झेंडा

गोदावरीबाई : झेंडा कायले उतरवून राहिले, तुलारामभाऊ? मले पाहून?

तुलाराम : तुमच्या गावचं मानूस या डोंग्यात बसत नाही, बाई. तुमचे मालक भय्याजी बुडाल्यापासून तुम्ही पहिल्यांदा घाटावर आल्या. म्हनलं, तुमच्या डोळ्यासमोर नको.

गोदावरीबाई : राहू द्या. मले त्याचा फाटका कोना पाहाचा आहे.

तुलाराम : पाहा. छत्रीचं कापड होय. बापाची छत्री होती माह्या.

गोदावरीबाई : हे घ्या. जोडून पाहा.

तुलाराम : हा तुकडा तुमच्यापाशी कसा?

गोदावरीबाई : त्यायच्या मुठीत होता. आंघोळ घालताना मूठ म्याच उकलली. उकलत नोयती. नखं तळव्यात रुतली होती.

तुलाराम : बराबर बसते, बाई. इथलाच होय.

गोदावरीबाई : आमचे भासरे केशवराव, त्यायचे मोठे भाऊ, गावभर सांगून राहिले का भय्या झेंडा फाडाले गेला, अन् तुलाराम ढिवरानं बांबू हानून त्याले पान्यात ढकललं. आज पलीकडच्या ठान्यात रिपोट देऊन राहिले. सारे बैलबंडीनं गेले, कारध्याच्या पुलावरून फेरा घालून. माह्या आंगठ्यासाठी थांबतीन तिथं.

तुलाराम : मंग लावा आंगठा. मले काहून इचारता?

गोदावरीबाई : मी त्यायची बायको होय, केशवरावची नाही. म्हनून इचारतो. पन आधी हे सांगा, तुमाले झेंडा लावाले सांगतलं कोनं? नावाड्यानं डोंगा हाकाव. चक्कीवाल्यानं लावला झेंडा? न्हाव्यानं लावला?

तुलाराम : त्यायची घरं बुडून राहिली काय? त्र्याऐंशी सालापासून धरन धरन आयकून राहिलो. सर्वेवाल्यायनं माह्या आंगनात दगड गाडला. घर, हा घाट, समदं पान्याखाली जानार. मोर्चाले जाव तं डोंगा बंद ठेवा लागते, पोट बंद. म्हनलं, डोंग्यावरच लावतो झेंडा. कोनाले बसू नका म्हनलो काय मी?

गोदावरीबाई : म्हना कायले लागते! आमच्या वावराच्या धुऱ्यावर कालवा येनार आहे. पान्यावाचून धानाचा रोवना वाळताना पाह्यला तुम्ही कधी? तुमचा झेंडा दिसला का आमच्या गावाले वाटे, हा आमच्या तोंडचा घास हिसकून राहिला.

तुलाराम : म्हनून खळ्यावरचं धान बंद केलं तुम्ही. माह्या आज्यापासून तुमचं गाव सालभर डोंग्यात बसे, अन् मळनी झाली का दर घरचं पायलीभर धान माह्या घरी ये. औंदा एक दाना देऊ नये, असं ठरवलं म्हने. ठरवा. तरी म्या झेंडा काढला नाही. माहीबी जिद्द होती, बाई.

गोदावरीबाई : त्यायची तुमच्याहून मोठी. गाय अडली होती, अन् ढोरांचा डाक्टर नदीपलीकडं. मी म्हनलं, डोंग्यानं जा जी. म्हनले, काळ्या झेंड्याखाली बसलो तं गाव थुकन माह्यावर. उतारातून पायी जातो.

तुलाराम : उतार राहिला कुठी! दसरा झाला तरी पानी कमरेवर. म्या हाक मारली. बसा जी, भय्याजी, धान नको, पैसे नको. त्यायनं नुसता हात हालवला. मंग पाय सुटला त्यायचा.

गोदावरीबाई : मंग?

तुलाराम : डोंगा नेला जवळ. हातचा बांबू सोडला असता तं डोंगाच वाहून जाता. म्हनून झेंड्याचा उपसला, अन् तोच पुढं केला. त्यायनं हात टाकला.

गोदावरीबाई : कशावर?

तुलाराम : बांबूवरच टाकला. हातात कापड आलं. नवं कापड असतं तं टिकलं असतं, बाई. म्या जुनी छत्री फाडली होती.

गोदावरीबाई : म्हंजे धरला होता.

तुलाराम : धरला होता.

गोदावरीबाई : फाडनारा मानूस चिंधी फेकून देते. हे तं मेल्यावरबी सोडत नोयते. मले समजलं होतं. तुमच्या तोंडून आयकाचं होतं.

तुलाराम : तुमच्या गावात हे कोन आयकून घेईन?

गोदावरीबाई : कोनी नाही. चावडीत त्यायचा फोटू लावाचं ठरलं आहे, धरनासाठी जीव देला म्हनून. माहं वावर त्याच गावात, लेकरं त्याच गावात, अन् केशवरावच्या आंगनातून माहा रस्ता. अन् तुमाले माफ केलं असं समजू नका. हा झेंडा नसता तं ते या फळीवर बसले असते.

तुलाराम : बसले असते. अन् गाय?

गोदावरीबाई : ब्याली. डाक्टर आला नाही, तरी ब्याली. वासरूबी चांगलं आहे. चला, सोडून द्या मले पलीकडं.

तुलाराम : ठान्यात?

गोदावरीबाई : ठान्यातच. त्यायनं कायले हात टाकला ते सांगाले.

तुलाराम : मंग झेंडा काढू द्या. घाटावर तुमच्या गावच्या बाया जमल्या. केशवरावची बायको आहे त्यात. पाहून राहिली.

गोदावरीबाई : पाहू द्या. हाला, ढकला डोंगा.

तुलाराम : धरून बसा, बाई. मधात धारेले जोर आहे.

गोदावरीबाई : काय धरू?

तुलाराम : बांबू धरा. कापड नका धरू.