फ्रीझरमधलं शेवटचं पाकीट

आमच्या कॉव्हेंट्रीच्या घरी पोलीस येऊन गेले, सांगितलं का तुला? माझ्या हाउसमेटला, निखिलला, इ-बाइक चोरल्याच्या संशयावरून अटक झाली आणि लगेच दोन पोलीस घर तपासायला हजर!

"वॉरंट कुठाय?" मी आवाज चढवूनच विचारलं.

त्यातली बाई शांतपणे म्हणाली, "अटक झालीय ना, मग तो राहतो ते घर वॉरंटशिवाय बघता येतं."

ते किचनमध्ये शिरले, तसा मी धावत जाऊन फ्रीझरला पाठ लावून उभा राहिलो.

"काय आहे त्यात?"

"पुरणपोळ्या. आई इथून परत जाताना फ्रीझर भरून गेली होती. आता ती या जगात नाहीये, आणि हे एकच पाकीट उरलंय. प्लीज, फोडू नका."

बाई हसली नाही. म्हणाली, "आम्ही बाइक शोधतोय. बाइक मावणार नाही तिथे बघायचा मला अधिकारच नाही."

संध्याकाळी निखिल सुटला; भलत्याच माणसाला पकडलं होतं त्यांनी. आल्या आल्या म्हणतो, "भूक लागलीय रे, त्या पोळ्या काढ की!"

काढल्या. पाकीट जरा वेळ हातात धरलं आणि परत आत ठेवलं.

त्या बाईला फोडायचा अधिकार नव्हता. मला आहे रे, पण फोडलं की संपलं ना.