भागाबाईचा उतार

सकाळचे अकरा वाजलेले, मूल तालुक्यातल्या एका गावात चिंचेखाली, अर्ज ऐकायला आलेल्या तहसीलदार साहेबांचं टेबल. पाय गेलेली भागाबाई हातांवर सरकत पुढे आली. एकटी राहायची, टोपल्या विणायची. अर्ज एवढाच, की विहिरीच्या पायऱ्यांशेजारी उतार बांधून द्या.

साहेब म्हणाले, “साधं पाणी आणता येत नाही, मग एकटी कशाला राहतेस? आश्रमात पाठवतो तुला.” आणि लगेच चपराशावर ओरडले, “अरे, पाणी आण!”

भागाबाई म्हणाली, “साहेब, पाणी तं तुमालेबी दुसराच आणून देते. मंग तुमाले कोन्या आश्रमात धाडाचं?”

अख्खं गाव हसलं. साहेबांनी आश्रम पाण्याबरोबर गिळला.

महिन्याभरानं मी, तालुक्याच्या पेपरचा वार्ताहर, कचेरीत तिच्या अर्जाची फाईल उघडायला लावली. शेरा होता, ‘अर्जदार उद्धट. उतार नामंजूर.’ खाली सही कोणाचीच नव्हती.