आधी चकती फुटू दे

तुम्ही मला भित्री म्हणता ना, मग हे ऐकाच. रत्नागिरीत आमच्या सोड्याच्या कारखान्याच्या भिंतीला लागूनच घरात बाळाचा पाळणा होता. सोड्याच्या हंड्याला तांब्याची पातळ चकती असे. दाब फार चढला की ती फुटून वायू बाहेर सोडायची. मुंबईला नवी चकती मागवताना हे म्हणाले, "लिही, दोनशे पौंड दाबाला फुटणारी. ही सारखी फुटते, वैताग आहे."

"आणि हंडा किती सोसतो?"

"दोनशेच."

"मग आधी कोण फुटणार?"

"अगं, इंग्रजी चार इयत्ता शिकलीस म्हणून मिस्त्री झालीस काय?"

मी चुकत असले तर? तरी म्हटलं, "मी दीडशे लिहिते. नाहीतर पाळणा हंड्याशेजारी टांगा, तुमच्या हातांनी."

पत्र दीडशेचंच गेलं.

चैत्रात गिऱ्हाइकांच्या घाईत दाब चढला आणि भर दुपारी धडाका झाला. हे पांढरेफटक होऊन दारात आले. "चकती गेली."

"हंडा?"

"शाबूत आहे गो."

पाळण्यात बाळ किंचाळून रडत होतं. त्याला गप्प करायची मला त्या दिवशी मुळीच घाई नव्हती.