फळीवरची चेटकीण

कादंबरी संपत काऊन नाही, असं विचारून तुम्ही मला छळता, तर ऐका. माझ्या कादंबरीतलं जादूचं राज्य सातपुड्यात आहे. पण दुसऱ्या कुणाची तसली कादंबरी वाचली, की मी माझी पुन्हा लिहायला घेतो. पहिल्या खर्ड्यात जळगाव जामोदच्या बाजारात मिरच्या विकणारी म्हातारी चेटकीण होती. पुढं ती तरुण झाली, मग राणी झाली. मागच्या महिन्यात मी तिला पंख लावले आणि बायकोला वाचून दाखवलं.

सुनंदा म्हणाली, "चांगलं हाये. पण कुठंतरी वाचल्यासारखं वाटते. मिरच्यावाली कुठं गेली?"

"ते कागद रद्दीत टाकले."

तिनं फळीवरचा डाळीचा डबा उचलला. खाली माझं पहिलं प्रकरण अंथरलेलं, हळदीच्या डागांसकट.

"डबे पुसतानी वाचते मी तिले. पुढचं तेलाच्या डब्याखाली हाये."

मी कागद ओढायला गेलो, तर तिनं हात धरला.

"इथंच उभं राहून उतरवून घ्या. कागद मी देत नाही. तुम्ही उद्या अजून एक पुस्तक वाचसान."